वनदेवतेचा मागचा हात

ऑगस्तां मोर्वियेला कुणावर विश्वास ठेवायची सवय नव्हती, आणि ती नसल्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही. पॅरिसमध्ये मूर्तिकाराने विश्वास ठेवायचा म्हणजे आपलंच काम पुढच्या महिन्यात चार परक्या दिवाणखान्यांत टांगलेलं बघायचं, असं त्याचं ठाम मत. कुणीतरी गुपचूप प्लास्टरचा साचा घेतला की कारभार आटोपला. म्हणून त्याच्या कारखान्यात एक नियम होता. काम पुरं झालं की साचा त्याच्या डोळ्यांदेखत हातोड्याने फोडायचा. उरलेले तुकडे तो स्वतः बुटाने चिरडायचा. साँ-मार्तां वेशीजवळचे सगळे कारागीर त्याला हसायचे. हसोत बापडे, तो म्हणायचा, माझी देवी माझ्याच घरातून बाहेर पडते.

पण दोन वर्षांपासून त्याच्या पोटात एक गोष्ट होती, जी त्याने कुणालाच सांगितली नव्हती. त्याच्या उजव्या डोळ्यावर पडदा येत चालला होता. तेल लावलेल्या कागदातून पाहावं तसं त्या डोळ्याने दिसायचं. सबंध मूर्ती घडवणाऱ्याचं एका डोळ्यावर एक वेळ निभेल, कारण मूर्तीभोवती फिरता येतं. मोर्विये उठावशिल्पं करायचा. बोटभर जाडीच्या मातीत गाव, डोंगर आणि मागून येणारी बकरी बसवायची, तर पुढचं काय नि मागचं काय हे डोळ्याला केसभर अंतराने कळावं लागतं. एका डोळ्याला ते कळत नाही. तो मग डोळे मिटून बोटांनी चाचपायचा आणि विचारणाऱ्याला सांगायचा की ही माझी जुनी खोड आहे.

त्या वसंतात तर त्याचं नाव सगळीकडे झालं होतं. मादाम द ब्रेसाकच्या भोजनघरात, दरवाजाच्या वर, त्याचा भाजलेल्या मातीचा फलक बसला होता. वनदेवता बाळ बॅकसला, म्हणजे मद्याच्या देवाला, द्राक्षांचा घोस देते आहे, आणि मागून एक हावरी बकरी घोसाकडे तोंड नेते आहे. एका हाताने वनदेवता घोस धरते, दुसऱ्या हाताने, मागच्या हाताने, बकरीला ढकलते. मादाम स्वतः खुर्चीवर चढून बघत होती. "मोर्विये, हा मागचा हात बघा हो," ती म्हणाली होती, "कोपरापासून पार भिंतीत शिरलाय. मला तर वाटतं पलीकडच्या खोलीत जाऊन बोटं बघावीत." आठवडाभर मोर्विये छाती फुगवून फिरला. समोरच्या दरवाजासाठी जोडीचा फलकही मादामने तिथेच सांगितला, जूनअखेरच्या सेंट जॉनच्या सणापर्यंत हवा म्हणून. एकच अट घातली. असा फलक अख्ख्या शहरात दुसरा असता कामा नये.

"तो माझा नियमच आहे, मादाम," मोर्विये म्हणाला.

आणि मे महिन्याच्या एका गुरुवारी चौकटींना सोन्याचा वर्ख लावणारा कुब्रे गुत्त्यात त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसला, दारूचा घोट घेतला आणि ओठ पुसत म्हणाला, "तुमची ती बकरीवाली पाशोच्या घरी बघितली हं."

"कोण?"

"तुमचा साचेवाला, पाशो. माझा मेव्हणा त्याच्याच वाड्यात राहतो, साँ-मार्सेलला. जिना चढताना त्याचं दार उघडं होतं. पलंगावर भिंतीला टांगलीय. पांढरी. प्लास्टरची."

"दुसरं काहीतरी असेल."

"मी तीस वर्षं तुमच्या चौकटींना वर्ख लावतोय, राव. तुमची बाई मी ओळखणार नाही? बकरीसकट होती."

मोर्वियेने पैसे बाकावर टाकले आणि उठला. कुब्रे मागून म्हणाला, "माझं नाव सांगू नका बरं का." म्हणजे सगळ्या गल्लीला त्याने आधीच सांगून ठेवलं असणार.

गिल्बेर पाशो बावीस वर्षं त्याच्याकडे होता. साचे घेणं, ओतणं, भट्टीवर नेणं, सगळं पाशोच्या हातचं. अबोल, जाड्या बोटांचा, सदा अंगावर पांढरी धूळ. मोर्वियेने आयुष्यात ज्या एका माणसावर निम्मा का होईना विश्वास टाकला होता, तो हा. आता मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. एकेक जुनी गोष्ट आठवू लागली आणि प्रत्येक गोष्ट काळी दिसू लागली.

पाशो हल्ली हत्यार देताना ते बाकावर ठेवत नाही, थेट तळहातात देतो. इतकं लाडीगोडीचं वागणं कशासाठी? मोर्विये कारखान्यात शिरला की पाशो आणि आदेल बोलता बोलता गप्प होतात. आदेल ही मोर्वियेची मुलगी, चोवीस वर्षांची, आईमागे घर बघणारी. कारखान्यात तिचं काम म्हणजे कच्च्या मातीवरची ओली फडकी बदलणं, हत्यारं धुणं आणि फरशी पुसणं. मातीला हात लावायचा नाही, हे त्याने ती दहा वर्षांची असतानाच बजावलं होतं. मग पाशोशी तिचं एवढं कसलं गुफ्तगू? आणि फेब्रुवारीत तो नऊ दिवस तापाने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा कारखान्याची किल्ली कुणाकडे होती? आदेलकडे.

शुक्रवारी जेवताना त्याने दारू ओतली ती पेल्याच्या बाजूला, टेबलावर. आदेलने पेला दोन बोटं सरकवला आणि फडकं फिरवलं.

"हा पेला बुडाला वाकडा आहे," तो म्हणाला.

"हो बाबा. उद्या बदलते."

"पाशो काय म्हणत होता मघाशी?"

"कधी?"

"मी आलो तेव्हा गप्प झालात."

"भट्टीचं बोलत होतो," आदेल म्हणाली आणि सूप वाढायला वळली. तिच्या पाठीकडे बघत मोर्विये मनात म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवारी प्रार्थना उरकल्यावर त्याने आदेलला घरी जायला सांगितलं आणि स्वतः नदी ओलांडून साँ-मार्सेलची वाट धरली. अंगरख्याच्या आत त्याने मापाची काठी खोचली होती. जोडीचा फलक पहिल्याच्या मापाचा हवा म्हणून ती त्याने मुद्दाम करून घेतली होती, आणि तिच्यावर वनदेवतेच्या उंचीच्या दोन खुणा होत्या. वरची खूण कच्च्या मातीची, खालची भाजलेल्या मातीची. भट्टीतून निघालेली माती अंगाने आक्रसते. बारा बोटांची अकरा होते. हे पोटापाण्यासाठी माती मळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि मोर्वियेने त्यावरच सगळा डाव लावला होता. पाशोकडचं प्लास्टर खालच्या खुणेवर बसलं, तर साचा मादामच्या भिंतीवरच्या फलकावरून घेतलेला. म्हणजे तिथल्या नोकराचाकरांचाही हात असू शकेल, पाशोला बोलायला थोडी तरी जागा उरेल. खरं सांगायचं तर काठी खालच्या खुणेवर बसावी असं त्याला मनातून वाटत होतं. बावीस वर्षं म्हणजे काही कमी नव्हेत.

चर्मकारांच्या गल्लीतला वास नाकात घेत, चार जिने चढून तो दारापाशी पोचला तेव्हा त्याचा श्वास लागला होता. दार पाशोच्या बायकोने उघडलं. पेरीन तिचं नाव, ठेंगणी, लगबगीची बाई. चुलीवर कांद्यात आतडी शिजत होती.

"अगंबाई, उस्ताद तुम्ही? अहो, ऐकलंत का, उस्ताद आलेत."

पाशो सदऱ्याच्या बाह्या सावरत उठला. त्याचा चेहरा पडला. मोर्वियेला एका डोळ्याने धूसर दिसत असलं तरी तेवढं दिसलं.

"बसा, उस्ताद. पेरीन, खुर्ची पूस."

"बसायला नाही आलोय." मोर्वियेने खोलीभर नजर फिरवली. पलंगाच्या वर भिंतीला एक जुनी चादर टांगलेली होती. भिंतीला चादर कोण टांगतं? तो सरळ पलंगापाशी गेला आणि चादर ओढून काढली.

वनदेवता होती. पांढरीशुभ्र, द्राक्षांसकट, बाळासकट, बकरीसकट.

"हे काय आहे, पाशो?"

पाशोने पेरीनकडे पाहिलं.

"किती विकलेस?"

"एकही नाही."

"साचा कुठाय?"

"फोडला."

"कुणासमोर? माझ्यासमोर तर नाही."

पाशोने मान खाली घातली. मोर्वियेने काठी काढली, वनदेवतेच्या पायाशी टेकवली, आणि बोटाने खुणा चाचपत वर गेला. खालची खूण मागे पडली. वनदेवतेचं मस्तक बरोबर वरच्या खुणेवर आलं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कच्च्या मातीवरून," तो म्हणाला. "म्हणजे मादामच्या घरी कुणी चोरी केली नाही. चोरी माझ्या कारखान्यात झाली. फेब्रुवारीत, मी तापाने फणफणत पडलो होतो तेव्हा. किल्ली आदेलकडे होती. म्हणजे ती तुला सामील."

"पोरीला यात ओढू नका, उस्ताद. केलं ते मी केलं."

"तू केलंस. आणि दार कुणी उघडलं? वाऱ्याने?"

"सांगा ना हो त्यांना," पेरीन म्हणाली. तिच्या हातातला डाव तसाच राहिला होता.

"तू गप बस."

"का गप बसू? बावीस वर्षं..."

"पेरीन."

नवऱ्याचा आवाज कधी न चढलेला असावा, कारण ती खरंच गप्प झाली. मोर्वियेला वाटलं, बघा, बायकोलाही सगळं माहीत आहे; एकट्या मलाच सगळ्यांनी मिळून मूर्ख बनवलंय.

"उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला. "आणि मोकळं केल्याची चिठ्ठी मागायलाही येऊ नकोस. ती मी देणार नाही. बघतो कोण तुला दारात उभा करतो ते."

ती चिठ्ठी नसली तर पॅरिसमधला एकही कारखानदार पाशोला कामावर घेणार नव्हता. पन्नाशीच्या साचेवाल्याने मग नदीवर ओझी वाहायची. तिघांनाही हे पुरतं ठाऊक होतं. पेरीनने डाव खाली ठेवला आणि डोळ्याला एप्रनचं टोक लावलं. पाशो नुसता म्हणाला, "बरं, उस्ताद."

या 'बरं'ने मोर्विये आणखी भडकला. चोराने निदान भांडायला तरी हवं. तो पलंगावर गुडघा टेकवून वर चढला. नियम म्हणजे नियम, हे प्लास्टर तो आत्ता इथे उतरवून पायाखाली चिरडणार होता. दोन्ही हात त्याने फलकाला लावले, आणि सवयीने त्याचे डोळे मिटले.

बोटं आपोआप फिरली. वनदेवतेचा खांदा. हा आपलाच. द्राक्षांचा घोस, तोही आपला; तिसऱ्या ओळीत एक द्राक्ष मुद्दाम चिरडलेलं. बाळाचा गाल. मग उजव्या हाताची बोटं मागच्या हाताकडे गेली, ज्याचं मादामने एवढं कौतुक केलं होतं. खांद्यापासून कोपराकडे जाताना तो हात खाली उतरायला हवा, भिंतीत शिरायला हवा. बोटं वर चढली.

त्याने पुन्हा फिरवली. हात मागे जात नव्हता. तो पुढच्या हाताच्याही पुढे आला होता, सुजलेला, कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा, आणि बकरीला ढकलायच्या ऐवजी तिच्या तोंडासमोर लोंबत होता.

"हात बिघडवलास तू," मोर्विये म्हणाला. "चोरी करताना धड चोरीही..."

वाक्य पुरं झालं नाही. साच्यातून निघालेलं प्लास्टर आपल्या पदरचं काही घालत नाही. समोर जे होतं तेच ते दाखवतं, बोटाच्या रेषेसकट. हे पोरांना शिकवावं लागत नाही. मग त्याने अंगठ्याने तो वाकडा हात दाबत दाबत तपासला, आणि कोपराच्या खाली त्याला एक बारीक आडवी रेघ लागली. तशीच दुसरी. तशीच तिसरी. त्याच्या उजव्या अंगठ्यावर माती कापायच्या तारेने झालेला जुना व्रण होता. ओल्या मातीवर तो अंगठा फिरला की अशीच रेघ उमटायची. या हातावर तर त्याच्या रेघाच रेघा होत्या. हा हात त्याने फार मेहनतीने केला होता.

पलंगावर गुडघे टेकलेला तो तसाच राहिला. चुलीवरचं भांडं खदखदत होतं.

"मादामच्या भिंतीवर आहे तो हात कुणाचा?" शेवटी त्याने विचारलं. तोंड भिंतीकडेच होतं.

पेरीन म्हणाली, "आदेलचा."

"पेरीन, तुला सांगितलं होतं ना..."

"मी नाही ऐकायची तुमचं. चिठ्ठीवाचून आपण उपाशी मरायचं, आणि यांना कळायलाही नको?" ती मोर्वियेकडे वळली. "पोरगी रडत आली होती इथे. या इथे बसून रडली."

मग पाशोने सांगितलं, तुटक तुटक, प्रत्येक वाक्य कुणीतरी ओढून काढत असल्यासारखं. तापाच्या दुसऱ्या दिवशी फडकी बदलताना आदेलने तो हात पाहिला होता. ती तिथेच मातीला हात घालून तो दुरुस्त करणार होती. पाशोने अडवलं. उस्तादांच्या हातावर कुणी हात चालवायचा नाही, तो म्हणाला, आधी साचा घेऊ. उस्तादांना कळलं आणि पसंत नाही पडलं, तर त्यांचं जसंच्या तसं परत करता आलं पाहिजे. साचा काढताना मूळ माती फाटून गेली. मग त्याने त्या साच्यात नवी माती दाबून फलक पुन्हा काढला, खूण म्हणून त्यातच हे प्लास्टर ओतून ठेवलं, आणि आदेलने फक्त मागचा हात कापून नव्याने बसवला. दोन दिवस लागले तिला.

"मी उठून आलो," मोर्विये सावकाश म्हणाला, "फडकं काढलं. आणि काय म्हणालो?"

पाशोने चुलीकडे तोंड वळवलं.

"म्हणालो, तापात वाटलं होतं तेवढं वाईट नाही झालेलं. आणि खाली सही केली." तो हसला की खोकला, ते पेरीनला कळलं नाही. "त्यानंतरचे दोन? ते फुलदाणीवरचं, आणि मिरवणुकीतली पोरं?"

पाशोने फरशीकडे पाहिलं. तेवढं उत्तर पुरेसं होतं. हत्यार तळहातात का येत होतं, बोलणं मधेच का थांबत होतं, पेला दोन बोटं का सरकत होता, सगळं एका दमात त्याच्या ध्यानात आलं. दोन वर्षं ज्याचा त्याने संशय घ्यायचा तो आपला डोळा सोडून बाकी सगळ्यांचा घेतला होता. त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

"मग हे का ठेवलंस?" त्याने विचारलं. "माझा नियम माहीत होता. फोडायचं होतंस. कुणी बघितलं असतं तर माझीच अब्रू गेली असती."

"आदेलनंही तेच सांगितलं. तिला वाटतं, मी फोडलं." पाशोने आपले जाडे हात एकमेकांवर चोळले. "हातोडा उचलला होता, उस्ताद. पण यातले दोन्ही हात तुमचेच आहेत. असं हे शेवटचं होतं."

मोर्विये पलंगावरून उतरला. उतरताना पाय चुकला तेव्हा पाशोने कोपर धरलं, आणि मोर्वियेने ते झिडकारलं नाही. खाली पडलेली चादर त्याने उचलली, झटकली, आणि फलकावर परत टांगायला पाशोच्या हातात दिली. "उद्या सहाला ये," तो म्हणाला. "जोडीच्या फलकाचं काम पुरं झालं की साचा घ्यायचाय. कच्च्या मातीवरून. माझ्यासमोर." पेरीनने आतडी वाढते म्हटलं, पण तो थांबला नाही.

तो घरी पोचला तेव्हा अजून चांगला उजेड होता. आदेलने टेबल मांडलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघून तिने सूप वाढलं आणि समोर बसली. 

"मी पाशोकडे गेलो होतो," तो म्हणाला.

आदेलचा चमचा थांबला.

"फोडलं नाही त्याने. पलंगावर टांगून ठेवलंय."

तिच्या तोंडावर काय होतं ते त्याला दिसत नव्हतं. खिडकीतला उजेड तिच्या पाठीमागे होता, आणि आता न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात असं म्हणायचा त्याला कंटाळा आला होता.

"मादाम म्हणत होती, मागचा हात भिंतीत शिरतो," तो म्हणाला. "जोडीच्या फलकातही एक मागचा हात आहे. झांज धरलेला. तो अजून केलेला नाही मी. उद्या बाही वर करून ये. फडकी पाशो बदलेल."

"बाबा," आदेल म्हणाली, आणि तिने नाक ओढलं.

"रडू नकोस. कोपर नीट मागे गेलं नाही तर मी बोटाने बघणार आहे." त्याने सुरई उचलली. दुसरा हात टेबलावर पुढे सरकवला, उघडा, आणि तिथेच थांबवला.

"पेला कुठाय?" त्याने विचारलं.

आदेलने पेला उचलून त्याच्या हातात दिला.